घडी : इंग्रजीतून येणाऱ्या चिनी विज्ञानकथांच्या उंबरठ्यावर

बीजिंगमध्ये माणसं आठ कोटी झाली आणि जमीन होती तेवढीच राहिली. मग शहराचीच घडी घालायची असं ठरलं. नेमल्या वेळी इमारती गुडघे पोटाशी घेऊन मिटतात, जमीन पालथी होते, एका बाजूची माणसं गुंगीत झोपतात आणि दुसऱ्या बाजूची उठून कामाला लागतात. पहिल्या भागात ५० लाख लोक. त्यांना सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सहापर्यंत पुरते २४ तास मिळतात. मग शहर उलटतं. दुसऱ्या भागातल्या अडीच कोटींना सकाळी सहा ते रात्री दहा. तिसऱ्या भागातल्या पाच कोटींना उरलेले आठ तास, रात्री दहा ते सकाळी सहा. ४८ तासांची भाकरी अशी तिघांत मोडलेली. तिसऱ्या भागात कचरा निवडणारा लाओ दाओ, सांभाळायला घेतलेल्या पोरीला बऱ्या बालवाडीत घालता यावं म्हणून, पैसे घेऊन एका तरुणाचा निरोप पोचवायला चोरून पहिल्या भागात शिरतो. तिथे त्याला सूर्य उगवताना दिसतो. त्याच्या वाट्याच्या तासांत सूर्य बसवलेलाच नाही.

हाओ जिंगफांग या लेखिकेची ही कथा, ‘फोल्डिंग बीजिंग’. बाई भौतिकशास्त्र शिकल्या, मग अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, आणि ते कथेत दिसतं. यंत्रं आली, माणसांचे हात रिकामे झाले. आता या बिनकामाच्या माणसांचं करायचं काय, या प्रश्नाला कथेतल्या कारभाऱ्यांचं उत्तर फार थंड डोक्याचं आहे. माणसं मारायची नाहीत, हाकलायची नाहीत, फक्त त्यांचं जागेपण कमी करायचं. कथा २०१२ साली लिहिली गेली, २०१५च्या सुरुवातीला ‘अनकॅनी’ या अमेरिकी मासिकात इंग्रजीत आली आणि २०१६ मध्ये तिला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्या वर्षी त्याच गटात स्टीफन किंग यांचीही कथा होती.

मराठीत घडी म्हणजे कपड्याची घडी आणि घडी म्हणजे घटकाही. इंग्रजी नावात घड्याळ नाही, मूळ चिनी शब्दातही नाही. आपल्याला ते फुकटात मिळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की गेल्या पंधरा वर्षांत इंग्रजीत आलेल्या चिनी विज्ञानकथांचं कुलूप या एका शब्दाने पुष्कळदा उघडतं. या कथांत यंत्रमानव आहेत, परग्रहवासी आहेत, अवकाशयानं तर ढिगाने आहेत. पण ज्याच्या वाटणीवरून भांडण चाललंय तो माल म्हणजे वेळ. कुणाला किती मिळतो, कोण विकतो, कोण उचलून नेतो, कुणाचा उलटा फिरतो.

ही प्रस्तावना एखाद्या पुस्तकाची नाही. इंग्रजीतली चार-पाच पुस्तकं आणि काही मासिकं यांच्या दारात उभ्या असलेल्या मराठी वाचकासाठी ती आहे. त्यामुळे आधी दार उघडणाऱ्याबद्दल.

केन ल्यू यांचा जन्म १९७६चा, वायव्य चीनमधल्या लानचौ शहरातला. अकराव्या वर्षी अमेरिकेला गेले, पुढे वकिली केली, संगणकाच्या आज्ञावल्या लिहिल्या आणि कथाही लिहिल्या. ‘द पेपर मेनाजरी’ ही त्यांची स्वतःची कथा ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी असे तिन्ही पुरस्कार मिळवणारी पहिली ललितकृती. छन चिउफान या मित्राच्या कथेचं दुसऱ्या कुणी केलेलं भाषांतर जरा बघून दे म्हणून त्यांच्याकडे आलं. डागडुजी करता करता त्यांनी ते मुळापासून नव्याने केलं. ती ‘द फिश ऑफ लीजियांग’, २०११ साली ‘क्लार्क्सवर्ल्ड’ मासिकात आली. तिथून ओघ सुरू झाला. ल्यू त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’चं केन ल्यूंनी केलेलं भाषांतर २०१४ साली निघालं आणि पुढच्या वर्षी ह्यूगो मिळवणारी ती पहिली भाषांतरित कादंबरी ठरली. आडनाव एक असलं तरी दोघे एकमेकांचे कुणी नाहीत. चीनमध्ये ल्यू आडनावाची माणसं आपल्या पाटील-कुलकर्ण्यांसारखी पदोपदी भेटतात.

कादंबरीचा गाजावाजा झाला आणि कथा तिच्या सावलीत राहिल्या. वास्तविक खरं धन कथांत आहे. केन ल्यूंनी निवडून भाषांतरित केलेला ‘इन्व्हिजिबल प्लॅनेट्स’ २०१६चा, सात लेखकांच्या तेरा कथांचा. त्यामागून २०१९ मध्ये ‘ब्रोकन स्टार्स’, चौदा लेखकांच्या सोळा कथा. नंतर ‘सायनॉप्टिकॉन’ आला, ‘द वे स्प्रिंग अराइव्ह्ज’ आला. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ने तर २०१५पासून चिनी कथा नेमाने छापायला घेतल्या.

नावांच्या उच्चारांना घाबरू नये, मराठी माणसाने तर मुळीच नाही. ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च वेगळे, हे आपल्या जिभेला शिकवावं लागत नाही. ल्यू त्सिशिन यांच्या नावातला त्सि हा आपल्या चमच्यातला च. छन चिउफान यांच्या नावातला चि हा चंद्रातला. इंग्रजी वाचक या दोन अक्षरांपाशी हमखास अडखळतो. आपण नुसती लिपी एक ठेवून दोन्ही आवाज शतकानुशतकं बोलत आलो आहोत.

आता थोडा इतिहास, पण थोडाच. १९०३ साली जपानात शिकत असलेल्या लू शुन या तरुणाने ज्यूल व्हर्नची चंद्रावरच्या स्वारीची कादंबरी चिनीत आणली. आधुनिक चिनी साहित्याचा पाया घालणारा म्हणून पुढे ज्याचं नाव झालं, तोच हा. त्याने ती जपानीवरून घेतली, जपानी भाषांतर इंग्रजीवरून झालेलं, इंग्रजी फ्रेंचवरून. चौथ्या ओंजळीतलं पाणी. त्याच सुमाराला आपल्याकडे ‘केरळकोकिळ’ मासिकात याच व्हर्नच्या चंद्राच्या सफरीचं मराठी रूप छापून येत होतं. म्हणजे चिनी आणि मराठी विज्ञानकथेचं बोट पहिल्यांदा धरणारा माणूस एकच. आज चिनी कथा आपल्यापर्यंत इंग्रजीच्या ओंजळीतून येतात याची लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आणखी एक साम्य मात्र तितकं सुखाचं नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीला चीनमध्ये वाद पेटला : विज्ञानकथेचं आडनाव काय, विज्ञान की साहित्य? त्यांच्या वादातही शब्द आडनावाचाच होता. कथेने विज्ञान शिकवावं, तेही बिनचूक, असं म्हणणाऱ्यांचं पारडं जड झालं. १९८३ साली ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्ध सरकारी मोहीम निघाली आणि विज्ञानकथा त्यात भरडली गेली. एकेक मासिक बंद पडलं. आपल्याकडे मोहीम वगैरे निघाली नाही, पण आडनावाचा प्रश्न आपण आजही तितक्याच उत्साहाने विचारतो. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने एक कथा आली, तिला बक्षीस मिळालं आणि लेखक जयंत नारळीकर निघाले; ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्या कौतुकात ‘एवढा मोठा वैज्ञानिक कथा लिहितो’ हे किती आणि कथेचं किती, ते ज्याने त्याने आपल्याशी ठरवावं.

मोहिमेतून तगून राहिलं ते छंगदू शहरातलं मासिक. १९७९ साली निघालं, १९९१ साली त्याला ‘खह्वान शिज्ये’ हे नाव मिळालं : विज्ञान-कल्पनेचं जग. त्याच्या संपादक यांग श्याओ यांनी जागतिक विज्ञानकथा लेखकांची परिषद आपल्या गावात भरवायचा ध्यास घेतला आणि ते मागणं मांडायला १९९० साली त्या हेगला गेल्या. आगगाडीने. आठ दिवस. परिषद पुढच्या वर्षी छंगदूला झाली. विज्ञानकथेचा प्रचार करणाऱ्या बाईंनी युरोप-आशिया खंड रुळांवरून पालथा घातला, हे मला त्या मासिकातल्या कित्येक कथांहून जास्त आवडतं.

त्याहून मजेची गोष्ट १९९९ची. चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी देशभर एकच परीक्षा असते. आपल्या बारावीचा धसका अनेक पटींनी वाढवा म्हणजे अंदाज येईल. त्या वर्षी निबंधाला विषय आला : स्मृतीचं रोपण करता आलं तर? आणि त्याच महिन्याच्या ‘खह्वान शिज्ये’त स्मृतिरोपणावर मजकूर छापलेला. ‘ती पुस्तकं वाचून वाया जाशील’ म्हणणारे आईबाप दुसऱ्या दिवसापासून स्वतः मासिक विकत आणायला लागले. खप लाखांवर गेला. साहित्याने जे साधलं नव्हतं ते प्रश्नपत्रिकेने साधलं. आज चाळिशीत असलेली लेखकमंडळी, हाओ जिंगफांग, छन चिउफान, श्या ज्या, ही सगळी त्या काळात शाळा-कॉलेजांत होती.

या पिढीला वेळेचं वेड का, ते त्यांच्या जन्मसालांकडे पाहिलं की कळतं. १९८०च्या आगेमागे जन्मलेल्या माणसाच्या आजोबांनी दुष्काळ पाहिलेला, वडलांनी सांस्कृतिक क्रांती पाहिलेली, आणि त्याने स्वतः शेतं बुजवून उभी राहिलेली शहरं पाहिली. इतरांना दोनशे वर्षं लागली ते एका घरात, एका जेवणाच्या टेबलाभोवती, तीन पिढ्यांत उरकलेलं. छन चिउफान यांनी आपल्या पिढीवर लिहिलेल्या निबंधाचं नावच ‘फाटलेली पिढी’ असं आहे. तो ‘इन्व्हिजिबल प्लॅनेट्स’च्या शेवटी आहे. तो आधी वाचावा.

त्यांची लीजियांगची कथा याच फाटण्यातून आली आहे. युन्नान प्रांतातलं लीजियांग हे जुनं, पाण्याच्या पाटांचं, पर्यटकांनी गजबजलेलं गाव. कथेतल्या नोकरदार निवेदकाला कंपनीने तिथे सक्तीच्या विश्रांतीला पाठवलंय. घड्याळ काढून घेतलंय, फोन काढून घेतलाय. पाटातले मासे तेच, पण खरे नाहीत. तिथे त्याला एक बाई भेटते आणि हळूहळू उमगतं की दोघांचाही वेळ कुणीतरी हाताळलेला आहे. त्याच्या वेळेची जाणीव आवळलेली, थोड्या वेळात जास्त काम उपसता यावं म्हणून. तिची ताणलेली, कारण तिच्या नोकरीत मरणपंथाला लागलेल्या श्रीमंत म्हाताऱ्यांच्या वेळेशी जुळवून घ्यावं लागतं. कामगाराचे तास मालक विकत घेतो हे आपण जाणतो. इथे तासाची लांबीच मालकाच्या हातात गेली आहे. कथा लहान आहे, थोडी भावुकही आहे, पण वीसेक वर्षांपूर्वी लिहिलेली ही कथा आज रात्री अकराला ऑफिसचे निरोप चाळणाऱ्या हिंजवडीच्या माणसाला भविष्यातली वाटणार नाही.

बाओ शू यांच्या कथेत वेळ उलटाच वाहतो. म्हणजे माणूस नेहमीसारखा जन्मतो, वाढतो, प्रेमात पडतो, म्हातारा होतो. देशाचा इतिहास मात्र मागे मागे जातो. लहानपणी ऑलिंपिकचा झगमगाट, मग हळूहळू इंटरनेट आटत जातं, फोन जातात, दुकानं ओस पडतात, चौकात विद्यार्थी जमतात, मग माओ, मग उपासमार, मग युद्ध. आणि प्रत्येक टप्प्यावर लोकांना वाटतं की हेच क्रमाने व्हायचं होतं. कथेचं इंग्रजी नाव पुश्किनच्या ओळीवरून घेतलेलं, भलतंच लांब आहे. चीनमध्ये ती छापता येण्याजोगी नव्हती. २०१५ साली ती अमेरिकी मासिकात, इंग्रजीत आली. मला या सगळ्या कथांमध्ये सर्वात अस्वस्थ करणारी ही. युक्ती म्हणून सांगितली तर एका ओळीत संपते. वाचताना तिसऱ्या-चौथ्या भागापासून आपल्यालाच खात्री वाटेनाशी होते की पुढे जाणं म्हणजे सुधारणं, हे आपण कुठून शिकलो.

झांग रान यांच्या ‘द स्नो ऑफ जिनयांग’मध्ये दहाव्या शतकातल्या वेढा पडलेल्या शहरात एक काळप्रवासी येऊन पोचलाय आणि त्याने घरोघर दोऱ्या ओढून इंटरनेट उभारलंय. लोक त्यावर काय करतात? वाद घालतात. ल्यू त्सिशिन यांच्या ‘द सर्कल’मध्ये छिन राजाला अमरत्व हवंय, ते वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तरात लपलंय असं त्याला पटवून दिलं जातं आणि मग मैदानावर तीस लाख सैनिक पांढरी-काळी निशाणं घेऊन उभे राहतात. तिघातिघांचा गट म्हणजे संगणकाचा एकेक सुटा भाग. तीस लाख माणसांचा संगणक! ल्यू त्सिशिन हे पूर्वी वीजकेंद्रातले अभियंता, कथा लिहिताना पात्रांपेक्षा यंत्राकडे त्यांचं जास्त लक्ष. त्यांची माणसं, विशेषतः बायका, बहुधा पुठ्ठ्याच्या असतात. पण ते मैदान डोळ्यांसमोरून जात नाही.

आता राजकारणाबद्दल, कारण इंग्रजी वृत्तपत्रं या कथांबद्दल लिहितात तेव्हा दुसऱ्या परिच्छेदाच्या आत सेन्सॉर येतो. तो आहेच. मा बोयोंग यांच्या ‘द सिटी ऑफ सायलेन्स’मध्ये सरकार वापरायला परवानगी असलेल्या शब्दांची यादी काढतं, आणि यादी रोज आखूड होत जाते. माणसं चोरून एका खोलीत जमतात ती नुसतं बोलायला. ही कथा २००५ची. चिनी प्रतीत ती न्यू यॉर्कात घडते, आणि का ते सांगायला नको. नायकाचं नाव ॲसिमॉव्हच्या कादंबरीतून उचललेलं. ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’च्या चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचा प्रसंग मध्यात कुठेतरी सरकवलेला होता, केन ल्यूंनी लेखकाला विचारून तो इंग्रजीत पहिल्या पानावर आणला, जिथे तो लेखकाला मुळात हवा होता.

तरी केन ल्यू स्वतःच आपल्या संग्रहाच्या आरंभी बजावतात की या कथा म्हणजे चीनमधून आलेले सांकेतिक खलिते आहेत असं समजून वाचू नका. मला ते पटतं, आणि त्याचं एक कारण २०२३चं आहे. त्या वर्षी जागतिक विज्ञानकथा संमेलन छंगदूला भरलं, झाहा हदीद यांच्या संस्थेने आरेखलेल्या नव्याकोऱ्या संग्रहालयात. १९८३च्या मोहिमेनंतर बरोबर चाळीस वर्षांनी सरकारच यजमान. पुढच्या जानेवारीत, तिथे दिलेल्या ह्यूगोच्या मतांचे आकडे बाहेर आले तेव्हा दिसलं की आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’सह काही नामांकनं कारण न देता बाद केली होती. मग ईमेल फुटले. चीनला काय खुपेल याचा अंदाज बांधून लेखकांच्या राजकीय मतांची टिपणं काढणारे निघाले ते पुरस्काराचे पाश्चात्त्य कारभारी. मुस्कटदाबी कुठून येते याचा नकाशा वाटतो तितका सरळ नसतो.

शिवाय खलिता म्हणून वाचलं की ‘फोल्डिंग बीजिंग’ चीनच्या खात्यावर टाकून मोकळं होता येतं. आपल्याला ती सोय नाही. मुंबईत गिरण्या होत्या तेव्हा एका खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची; दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. त्या खोलीचं घड्याळ ज्याने पाहिलंय किंवा घरात ऐकलंय, त्याला हाओ जिंगफांगचं शहर उलगडून सांगावं लागत नाही.

इंग्रजीच्या ओंजळीतून काय सांडतं, तेही सांगायला हवं. लाओ दाओ या नावातला दाओ वाचून पाश्चात्त्य वाचकाला लाओत्सेचा ताओ आठवण्याची फार शक्यता आहे. तो दाओ मार्ग नव्हे, चाकू. लाओ म्हणजे म्हातारा, जुना. ओळखीच्या, वयाने थोराड माणसाला लावायचं संबोधन. कचरा निवडणाऱ्या माणसाचं हे टोपणनाव जितकं रोखठोक आहे, तितकंच इंग्रजीत ते गूढ होऊन बसतं.

नात्यांचं तर इंग्रजी नेहमीच सपाटीकरण करतं. चिनीत वडलांची बहीण आणि आईची बहीण यांना वेगळे शब्द आहेत, काका-मामाही वेगळे. इंग्रजीत दोघी आँट, दोघे अंकल. मराठी वाचक वाचता वाचता मनात आत्या की मावशी हे शोधत राहतो आणि उत्तर मिळत नाही. मूळ लेखिकेने ते दिलेलं असतं, आपल्या भाषेत ते ठेवायला जागा असते, आणि मधल्या स्टेशनवर सामान हरवलेलं असतं.

ल्यू त्सिशिन यांच्या ‘टेकिंग केअर ऑफ गॉड’मध्ये हे फार जाणवतं. आकाशातून जहाजं उतरतात, त्यांतून लांब पांढऱ्या दाढ्यांचे दोन अब्ज म्हातारे बाहेर येतात आणि सांगतात की पृथ्वीवरचं जीवन आम्ही निर्माण केलं, आता आम्ही थकलो आहोत, आम्हाला पोटाला घाला. घरटी एकेक देव वाटून दिला जातो. पहिले काही दिवस कौतुक. मग भाकरी मोजणं, मग सुनेचे टोमणे, मग ओसरीवरचा कोपरा. चिनी नावात जे क्रियापद आहे ते काळजी घेण्याचं सर्वसाधारण क्रियापद नव्हे. म्हाताऱ्या आईबापांच्या पालनपोषणासाठी, अगदी कायद्याच्या भाषेतही, वापरतात तो शब्द. इंग्रजीत त्याला जोड नाही. आपल्याकडे आहे. ‘आईवडलांना कोण सांभाळतं?’ यातलं सांभाळणं. ‘देव सांभाळणं’ असं म्हटलं की अर्धी कथा नावातच येते, आणि हसूही.

उलट एका जागी मराठी अडते आणि इंग्रजी सुटते. चिनी बोलताना तो, ती, ते यांचा उच्चार एकच. क्रियापदाला लिंग नाही. कथेतला ‘मी’ पुरुष की बाई हे लेखकाला वाटेल तितका वेळ झाकून ठेवता येतं. इंग्रजीतही ‘मी’ झाकलेला राहतो. मराठीत पहिल्याच वाक्यात गेलो की गेले, हे कबूल करावं लागतं. यंत्रमानवांच्या आणि देह बदलणाऱ्या पात्रांच्या या कथा उद्या कुणी मराठीत आणायला बसलं तर पहिली लढाई व्याकरणाशी होईल.

केन ल्यूंच्या भाषांतराबद्दल एक तक्रार, कृतज्ञता बाजूला न ठेवता. त्यांचं इंग्रजी इतकं घोटीव आहे की एकामागून एक कथा वाचल्या तर वेगवेगळी माणसं एकाच गळ्यातून बोलल्यासारखी वाटतात. मा बोयोंगचा तिरकसपणा आणि श्या ज्याचा मऊपणा यांत मुळात जेवढं अंतर असेल तेवढं ऐकू येत नाही. श्या ज्या स्वतःच्या लेखनाला गमतीने पेजेसारखी विज्ञानकथा म्हणतात, ना कठीण ना मऊ. पेज चमच्याने प्यायची असते हे ठीक, पण सगळ्यांसाठी चमचा एकच. म्हणून २०२२चा ‘द वे स्प्रिंग अराइव्ह्ज’ वाचावा. त्यातल्या लेखिका अनेक आणि भाषांतरकारही अनेक, आणि अधूनमधून भाषांतरावरचे निबंध. काही कथा परीकथेच्या इतक्या जवळ जातात की माझा धीर सुटला, ते असो. ‘सायनॉप्टिकॉन’मध्ये श्वेटिंग क्रिस्टीन नी यांनी कथा संपल्यावर जोडलेली टिपणं मात्र शेजारणीने ओट्यावर बसून सांगितल्यासारखी रंगतदार आहेत.

सुरुवात कुठून करावी असं मला कुणी विचारलं तर मी ‘फोल्डिंग बीजिंग’ सांगत नाही. ती वाचून माणूस दोन दिवस दुसरं काही वाचत नाही. मी श्या ज्याची ‘टोंगटोंग्ज समर’ सांगतो. पडून जायबंदी झालेले आजोबा घरी आले आहेत, आईबाबा कामात, आणि छोट्या टोंगटोंगच्या घरी आजोबांसाठी आ फू नावाचा यंत्रमानव येतो. थोड्याच वेळात कळतं की आ फूला स्वतःची अक्कल नाही. दूर कुठेतरी बसलेला एक तरुण त्याचे हातपाय हलवतोय. पुढे आजोबा तीच युक्ती उलटी वापरतात आणि अंथरुणावरून दुसऱ्या म्हाताऱ्याशी बुद्धिबळाचा डाव मांडतात. लेखिकेने ही कथा आपल्या आजोबांच्या आठवणीत लिहिली आहे. आजोबांच्या हाती भरपूर वेळ आहे आणि तो वेळ कुणाला नको आहे; कथा तिथून सुरू होते.

माझे वडील ऐंशीच्या पुढचे, इंग्रजी वाचत नाहीत. गेल्या पावसाळ्यात वीज गेलेल्या एका संध्याकाळी मी फोनवरून ही कथा त्यांना जमेल तशी मराठीत सांगितली. पुष्कळ ठिकाणी आत्या-मावशीचा घोटाळा केला. ते डोळे मिटून ऐकत होते. झोपले असतील म्हणून मी थांबलो, तर त्यांनी विचारलं, ‘तो पोरगा दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्याच्या आजोबांना हात देतो. मग त्याच्या आजोबांकडे कोण बघतं?’

मी पान परत वर सरकवलं.